निळसर काळी ई २२० : कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काल भाऊबीज झाली आणि आज सकाळी साडेनऊलाच गाडी पॉलिशसाठी आमच्या शेडच्या दारात. मर्सिडीज ई २२०, १९९६ची, डब्ल्यू १२४ बॉडी. बॉनेटखालच्या आडव्या पट्टीवर रंगाचा कोड १९९, म्हणजे निळसर काळा मेटॅलिक. सावलीत काळी दिसते, उन्हात निळी. मालक एकच, पहिल्यापासून. काका प्रभात रस्त्यावर राहतात, ऐंशीच्या पुढचे, स्वतः गाडी चालवणं केव्हाच सोडलंय. घेऊन आले ते त्यांचे ड्रायव्हर. सगळे त्यांना मामा म्हणतात, तेव्हा मीही मामाच म्हणतो. शोरूममधून गाडी बाहेर काढली तीही मामांनीच.

महिनाअखेरीस काकांच्या नातीचं लग्न आहे. नवरीला याच गाडीतून कार्यालयात न्यायचं. फोनवर काकांचं एकच वाक्य : "आरशासारखी झाली पाहिजे."

जर्मन म्हणायची, पण ही पिंपरीत जुळलेली. कंपनी १९९४ला भारतात आली, टेल्कोच्या (नंतरची टाटा मोटर्स) आवारात काम सुरू केलं आणि १९९५मध्ये पहिली गाडी बाहेर काढली ती हेच मॉडेल. चाकणचा कारखाना खूप नंतरचा, २००९चा. म्हणजे बाईसाहेब माहेरीच आहेत.

आज फक्त बघणं. दिवाळीची काजळी आणि फटाक्यांची राख छपरावर जशीच्या तशी. मामांचा हात सवयीने फडक्याकडे गेला. मी धरला. राखेवर कोरडा फडका म्हणजे पॉलिश पेपरच.

कोपऱ्यात थोडं धुऊन दिवा तिरपा धरला. कोळ्याचं जाळं. दिव्याभोवती गोल गोल बारीक ओरखडे, बॉनेटपासून डिकीपर्यंत एकही पॅनेल सुटलेलं नाही. "रोज पुसतो हो मी. अठ्ठावीस वर्षं. एक दिवस खाडा नाही," मामा म्हणाले. काय बोलणार? गाडीला पडलेले ओरखडे रस्त्याने पाडलेले नाहीत, मामांनी पाडलेत. हे आज बोललो नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

धुण्याचा दिवस. पाणी महापालिकेच्या नळाचं, कालच ड्रममध्ये भरून ठेवलेलं. शेडमागच्या बोअरचं टीडीएस, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण, मीटरवर सातशेच्या पुढे जातं, ते फक्त फरशी धुवायला. बोअरचं पाणी काळ्या पत्र्यावर वाळलं की पांढरे ठिपके राहतात, आणि उन्हात वाळलं तर ते ठिपके क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, रुततात. काकांच्या सोसायटीत गाडी बोअरच्याच पाण्याने धुतात. बाजूच्या काचांवरून ते आंधळ्यालाही कळेल.

आधी हात न लावता फोम. पाच-सात मिनिटं थांबून वरून खाली प्रेशरने धुतली. मग दोन बादल्या, दोन्हीच्या तळाशी जाळी. एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. ग्लोव्ह आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. आमचा पोरगा कंटाळून विचारतो, एका बादलीने काय बिघडतं? संध्याकाळी त्याला साध्या पाण्याच्या बादलीचा तळ दाखवला. वाळू, राख आणि लोखंडाचा चुरा. हे सगळं पुन्हा गाडीवर फिरलं असतं.

दारांच्या खालच्या रुंद पट्ट्या वेळखाऊ. जर्मनीत त्यांना साको-ब्रेटर म्हणतात, म्हणजे साकोच्या फळ्या. ब्रुनो साको हे कंपनीचे डिझाइनप्रमुख, जन्म इटलीतल्या उदिनेचा. गेल्या सप्टेंबरमध्येच वारले. या मॉडेलला १९८४मध्ये या फळ्या नव्हत्या, सेडानला त्या १९८९च्या बदलात आल्या. दिसायला सुरेख, पण वरच्या कडेला चिखल धरून ठेवतात. काढून धुवाव्यात असं वाटलं होतं. एक क्लिप हलवून बघितली, प्लास्टिक वाळलेल्या पापडासारखं. फळ्या जागेवरच ठेवल्या, मऊ ब्रशने कड साफ केली.

बॉनेट हे या गाडीचं खरं कौतुक. खिट्टी सरकवली की नव्वद अंशांत सरळ उभं राहतं. काचेखालच्या पन्हाळीतून मूठभर पालापाचोळा निघाला, बहुतेक गुलमोहराचा. ही पन्हाळ तुंबली की पाणी एसीच्या ब्लोअरपर्यंत जातं, म्हणून तिथे दहा मिनिटं जास्त घालवली. इंजिनवर मात्र पाण्याचा फवारा मारायचा नाही, हे मी पोराला दोनदा बजावलं. त्या काळच्या या गाड्यांच्या इंजिन वायरिंगचं वरचं आवरण ठिसूळ होऊन गळतं. इंजिन फक्त ब्रश आणि ओल्या फडक्याने पुसलं.

चाकांवर लोखंड काढणारं लिक्विड मारलं. दोन मिनिटांत जांभळे ओघळ आणि सडक्या अंड्याचा वास. मामा नाकाला रुमाल लावून बाहेर. ब्रेक पॅडचा चुरा आहे तो, गरम असताना चिकटतो आणि तिथेच गंजतो. पत्र्यावरही तेच लिक्विड मारलं, पण गडद रंगावर जांभळं दिसत नाही, ओघळ खाली टपकला की फरशीवर कळतं.

खालच्या भागावर डांबराचे ठिपके. मामा ते रॉकेलने काढत असत. रॉकेलने निघतात हे खरं, पण तेलकट थर राहतो आणि रबरी बीडिंग फुगतं.

६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी क्ले, म्हणजे पत्र्याला चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ गोळी. धुतलेल्या पत्र्यावर प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवला तर अजून खरखर लागत होती. क्लेच्या गोळीने, भरपूर लुब्रिकंट घेऊन, एकेक पॅनेल. गोळी हातातून पडली तर टाकून द्यायची, उचलून परत वापरायची नाही. आज दोन पडल्या.

दुपारी रंगाची जाडी मोजली, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत. मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं : प्रायमर, रंग, क्लिअर. त्यातलं क्लिअर किती, हे वेगळं कळत नाही. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन, आणि वरचा पारदर्शक क्लिअर त्याहूनही पातळ, चाळीस-पन्नासच्या घरात. आमचा सगळा धंदा तेवढ्यातच.

बॉनेट ११८ ते १२६. छप्पर १२४. डिकी १२२. उजवीकडचे दरवाजे ११५ ते १२१. बॉनेटच्या पुढच्या कडेला, जाळीच्या वर, एका ठिकाणी ८४. काही वर्षांपूर्वी एका दुकानात गाडीचं रबिंग झालं होतं म्हणे, रोटरी मशीन कडेवर रेटलेलं दिसतं. कडेवर रंग मुळातच पातळ असतो. तिथे लाल खडूने खूण केली. तो भाग मशीनला बंद.

आणि डावीकडचा मागचा दरवाजा : ३१८, ३२६, ३४०.

मी तीनदा मोजला. मग उन्हात बाजूने बघितलं. मेटॅलिकचा दाणा वेगळा बसलाय, पुढच्या दरवाजाच्या शेजारी तो अर्धी छटा फिका दिसतो. बीडिंगच्या आतल्या बाजूला रंगाच्या फवाऱ्याची धूळ. फोनवर काका ठासून म्हणाले होते, "गाडीला आजवर डेंटिंग-पेंटिंगचा हात लागलेला नाही."

मामा शांतपणे म्हणाले, "भाऊ, चहा घेऊन येऊ." टपरीवर पहिला घोट होईपर्यंत काहीच बोलले नाहीत. मग : "तो दरवाजा लिहायलाच पाहिजे का?" २००६ साली साहेब महिनाभर मुलाकडे परदेशी गेले होते. नारायण पेठेत एका गल्लीत टेम्पोने दरवाजा घासला. मामांनी ओळखीच्या पेंटरकडून तो स्वतःच्या पैशाने करून घेतला. साहेब परत यायच्या आत रंग वाळला.

पेंटरने काम चांगलं केलंय, तसं मी मामांना सांगितलंही. वहीत ३१८ ते ३४० लिहिलं. आकडा लिहिणं माझं काम, कारण पुढे ज्याच्या हातात मशीन येईल त्याला तो लागणार. टेम्पो वगैरे मी काकांना द्यायच्या कागदात लिहिणार नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

गुरुवार म्हणजे पुण्यात वीज आणि पाणी, दोन्हीचा भरवसा नाही. म्हणून आतलं काम आजवर ढकललं होतं. साडेदहाला लाइट गेलीच.

कार्पेट, मॅट बाहेर. मागची सीट खालच्या दोन खिट्ट्या दाबल्या की उचलता येते. खाली सापडलं : एक पंचवीस पैसे, दोन जेमच्या गोळ्या आणि लहान मुलीची एक बांगडी. बांगडी वेगळ्या पाकिटात ठेवली.

या सीटच्या आत फोम नाही. स्प्रिंगवर रबरात बांधलेली काथ्याची गादी आहे, नारळाचा काथ्या. सोफा कम बेडच्या गादीत असतो तसाच. म्हणून त्या बसायला जरा कडक लागतात, पण लांबच्या प्रवासात पाठ धरत नाहीत. आणि म्हणूनच मशीनने पाणी मारून सीट धुणं चुकीचं. काथ्या पाणी पितो, आठवडाभर वाळत नाही, मग वास सुटतो. एका जुन्या गाडीवर मी ही चूक केली होती, लग्नाच्याच सीझनला. त्या वासाची आठवण अजून जात नाही.

काका सीटना "लेदर" म्हणतात. लेदर नाही. कंपनीचं एमबी-टेक्स आहे, कापडावर चढवलेलं व्हिनाइल, सीटखालच्या दुमडलेल्या कडेला मागचं कापड दिसतं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, खऱ्या चामड्यापेक्षा हे जास्त टिकलंय. फक्त गेली अठ्ठावीस वर्षं मामा त्याला लेदर कंडिशनर चोपडत आले. व्हिनाइलमध्ये ते मुरत नाही, वरच साठतं, त्यावर धूळ बसते. सीट काळपट चिकट झाल्या होत्या त्या याच थराने. क्लीनर फवाऱ्याने ब्रशवर घ्यायचा, सीटवर नाही. फेस करायचा, लगेच मायक्रोफायबरने टिपायचा. ड्रायव्हरच्या सीटला पाच वेळा. शेवटच्या फडक्यावर काही उतरलं नाही तेव्हा मूळ राखाडी दिसला. मामा दोन पावलं मागे सरले. "हा रंग होता होय!"

मधल्या कन्सोलवरच्या झेब्रानो लाकडाच्या लाखेला केसासारख्या भेगा आहेत. त्या भरता येतात, मी भरणार नाही. ओल्या फडक्याने पुसलं आणि सोडलं. डॅशबोर्डला चमक देणारं काहीही लावायचं नाही, उन्हात त्याचं प्रतिबिंब काचेवर पडतं. छताच्या कापडाला तर फक्त कोरडा ब्रश, तिथला गोंद ओला झाला की कापड लोंबतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून, चिमटा लावून, साध्या साबणाने.

सनरूफच्या चारही कोपऱ्यांत पाण्याच्या नळ्या असतात. पुढची डावी तुंबलेली. जाड नायलॉनची तार हळूहळू घातली, काळी चिखलाची गुंडाळी बाहेर आली, थोडं पाणी ओतून खात्री केली. पावसाळ्यात डाव्या पायाखालची मॅट ओली व्हायची ती यामुळे. मामा इतकी वर्षं एसीला शिव्या देत होते.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

टेस्ट स्पॉट, डिकीवर, वीतभर. डावा भाग टेपने झाकला. आधी सगळ्यात सौम्य : मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. जेमतेम निम्मे ओरखडे गेले. मग थोडं कडक फोम पॅड आणि मध्यम पॉलिश, ड्युअल अ‍ॅक्शन मशीनवर, चार फेऱ्या. जाळं बहुतेक गेलं, खोल असे काही राहिले. पोरगा म्हणाला, लोकरीचं पॅड लावून कंपाउंड मारू, सगळं जाईल. जाईल, आणि क्लिअरही जाईल. नखाला लागतो तो ओरखडा काढायचा म्हणजे त्याच्या भोवतीचा सगळा पत्रा त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. त्यापेक्षा त्याच्या कडा बोथट केल्या की दिवा त्यावर चमकत नाही.

शिवाय हा जुन्या पद्धतीचा क्लिअर. ओरखडे सोसणारा, नॅनो कणांचा क्लिअर कंपनीने २००३च्या शेवटी आणला. या गाडीला ती चैन नाही.

संध्याकाळी काकांना फोन केला. आरसा होईल, पण जवळ जाऊन, दिवा लावून बघाल तर काही रेघा दिसतील, असं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "मी पण जवळून बघितलं तर रेघाच दिसतात."

९ ते १२ नोव्हेंबर

पॉलिश. यात लिहिण्यासारखं थोडं, करण्यासारखं फार. टेप, दोन फूट बाय दोन फूट, आडवं-उभं, पुसणं, दिवा, पुढचा तुकडा. पॅड दर पॅनेलला ब्रशने साफ. रविवारी सुट्टी घेतली, खांदा बोलायला लागला होता. बाहेर प्रचाराच्या रिक्षा फिरतायत, दर पंधरा मिनिटांनी शेडचं शटर धुळीसाठी खाली ओढावं लागतं.

डाव्या मागच्या दरवाजाला सगळ्यात सौम्य पॅड. लोकांना वाटतं आकडा मोठा म्हणजे मोकळं रान. ३४०मध्ये जुना रंग, पुटीन, प्रायमर, नवा रंग सगळं आलं, वरचा क्लिअर पेंटरने किती मारला कोण जाणे. आणि तो मऊ निघाला, दोन फेऱ्यांतच उजळला.

बॉनेट नंतर मोजलं : ११६ ते १२४. दोन मायक्रॉन गेले म्हणायचे, पण मीटरची चूकच तेवढी असते. जाळीवरच्या खडूच्या खुणेला हाताने, बोटावर फडका गुंडाळून, फिनिशिंग पॉलिश.

१३ नोव्हेंबर, बुधवार

पॉलिशचं तेल ओरखडे लपवतं, म्हणून आयपीए (एक प्रकारचं अल्कोहोल) आणि पाण्याने सगळी गाडी पुसून पुन्हा दिवा धरला. डिकीच्या कुलपाभोवती दोन जागा परत केल्या. बाजूच्या काचांवरच्या पाण्याच्या डागांना सेरियम ऑक्साइड, काच घासायची पूड, बऱ्यापैकी निघाले. पुढच्या काचेला हात लावला नाही. एकच वायपर, तोही फिरताना आत-बाहेर सरकणारा. काच घासून नजरेसमोर लाट आणण्यापेक्षा चार ठिपके बरे.

काकांच्या जावयांचा फोन : "ते ९एच सिरॅमिक लावा, ओरखडेच पडत नाहीत म्हणे." ९एच ही पेन्सिलीची मोजणी आहे. ठरावीक पद्धतीने दाबलेल्या नऊ नंबरच्या कडक पेन्सिलीने रेघ उठली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मामांच्या फडक्यातली वाळू पेन्सिलीहून कडक असते. कोटिंगने पाणी सरकतं, धुणं सोपं होतं, हे खरं. पण ते लावून मामांनी रोज कोरडं पुसलं तर वर्षात कोटिंगवर तेच जाळं, आणि मग ते काढायला परत मशीन. कोटिंगचे पैसे मिळाले असते तर माझं शेडचं भाडं निघालं असतं, ते असो. कार्नोबा वॅक्स, म्हणजे झाडाच्या पानांपासूनचं मेण, लावलं. दोन-तीन महिने टिकतं, मामा स्वतः हाताने परत लावू शकतात.

१६ नोव्हेंबर, शनिवार

गाडी द्यायचा दिवस. काका स्वतः रिक्षाने आले.

त्याआधी तासभर मामांची शिकवणी. त्यांचा फडका मी मागून घेतला, जुन्या गोधडीचा तुकडा, मधे टाक्यांचा दोरा. तो पोराच्या मोबाइलच्या काचेवर दाबून फिरवायला निघालो, पोरगा ओरडला. मामा हसले. मग दोन बादल्या, जाळ्या, दोन ग्लोव्ह आणि सहा मायक्रोफायबर त्यांच्या हवाली केले. धूळ असेल तर पुसायचं नाही, धुवायचं. वेळ नसेल तर तशीच राहू द्यायची. हे शेवटचं त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. "साहेबांनी मळकी गाडी बघितली तर?"

काका गाडीभोवती एकदा फिरले, दरवाजाच्या पत्र्यात बघून टोपी सरळ केली. मग खुर्चीत बसून चष्मा लावून माझा कागद वाचायला लागले. कागद कुणी वाचत नाही, ही माझी दहा वर्षांची खात्री होती. बोट ३१८वर थांबलं.

"हा दरवाजा इतका जाड का?"

"पुन्हा रंगवलेला आहे, काका."

त्यांनी मामांकडे बघितलं. मामा छताचा पंखा बघत होते.

"कधी?"

"दोन हजार सहा. तुम्ही तिकडे गेला होता."

"तू तर बॅटरी बदलायला चार दिवस गाडी टाकली म्हणाला होतास."

"ती पण बदलली."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि मला विचारलं, "रंग बरा जुळवलाय ना त्याने?" मी हो म्हणालो. बांगडीचं पाकीट दिलं. ते उघडून बघून त्यांनी तेही त्याच खिशात ठेवलं. जाताना पुढच्या सीटवर बसले. एरवी मागे बसतात, असं पोरगा म्हणाला.

२ डिसेंबर, सोमवार

लग्न होऊन गाडी परत, धुण्यासाठी. ठरलं होतं की फुलं फक्त दोऱ्याने आणि व्हॅक्यूम कपने बांधायची. फुलवाल्याने बॉनेटवर दुहेरी टेप मारलीच. गोंद डांबर काढायच्या लिक्विडने हळूहळू निघाला. रात्रभर ओला झेंडू पडून राहिला तिथे केशरी डाग, पण तो वॅक्सवरच होता, शाम्पूने गेला. त्या दोन जागांवर वॅक्स नव्याने.

काचेखालच्या पन्हाळीत अक्षता. ओल्या होऊन फुगलेल्या, हळदीच्या. चिमट्याने एकेक काढल्या, नाहीतर जूनपर्यंत तिथे भात लागला असता. मागची सीटही उचलली, काथ्यात अडकलेल्या काही राहिल्या असतील, हाताला लागल्या तेवढ्या काढल्या.

दिवा लावून बॉनेट बघितलं. ओरखड्यांचं नवं जाळं नाही. मामा बाजूला उभे होते. म्हणाले, चार दिवस धूळ तशीच ठेवली, वॉचमनने विचारलं, मामा आजारी आहात का? मग खिशातून गोधडीचा तुकडा काढला, धुऊन इस्त्री केलेला. हा फेकायचा का?

टायर पुसायला ठेवा, म्हटलं.